डावी फांदी

माझं काम सरसाचं आणि सुईचं.
वाल्दिव्हियाच्या वनस्पती-संग्रहात
मी मेलेल्या पानांची डागडुजी करते.
सुटलेला देठ पुन्हा टाचायचा,
कसर लागली तर कागद थंड पेटीत ठेवायचा,
आणि लेबलावरचं कुणाचं अक्षर विरून जाऊ नये
एवढं पाहायचं.

दोनशे चौदा नंबरचा कागद मला आधीपासून आवडायचा.
लाल शेवाळ, चिलोए बेट, फेब्रुवारी एकोणसाठ.
दोन्ही बाजूंना सारखं फाकलेलं,
जणू ओल्या केसांचा कुणी मधोमध भांग पाडलाय.
त्याला डिंक लावलेला नाही.
समुद्रातलं शेवाळ आपल्याच चिकाने कागद धरतं
आणि धरलं की सोडत नाही.

यास्ना चिमटा घेऊन आली.
तिला तांदळाच्या कणीएवढा तुकडा हवा होता,
एक उजवीकडचा, एक डावीकडचा, "खात्रीसाठी".
तीन आठवड्यांनी कपाळाला आठ्या घालून परत:
"हे एक शेवाळ नाही, दोन आहेत.
यंत्र चुकलेलं नाही. तीनदा चालवलं."

मी भिंग काढलं.
बुडाशी, सगळ्या फांद्या जिथे एक होतात,
तिथे खरंच एक रेघ होती, केसाहून बारीक.
एकोणीस वर्षं मी त्या कागदावरची धूळ झटकतेय.

लेबलावरचं नाव जिवंत निघालं.
फेरीबोटीतून उतरलो तेव्हा ओहोटी होती,
होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या.
एदेल्मिरा नावेल्किन ओट्यावर बसून
लसणाची वेणी घालत होती.
यास्नाने फोटो पुढे केला.
म्हातारीने हात पुसले, चष्मा लावला.
"सापडली का चोरी?"

"शाळेचं प्रदर्शन होतं. मी तेरा वर्षांची.
ताटात पाणी, पाण्याखाली कागद,
काडीने एकेक फांदी पसरत नेली,
तर डावी बाजू बोडकी! खेकड्याने खाल्ली असणार.
मग शेजारच्या डबक्यातून दुसरं आणलं
आणि हळूच त्याच्या बगलेत सरकवलं.
कागद तिरका धरून उचलला,
पाणी गेलं, ती दोन्ही राहिली.
सिस्टर एर्मेलिंदा म्हणाली, काय ही देवाची करणी!
दुसरा नंबर दिला.
देवाची म्हटल्यावर मी काय बोलणार?"

यास्ना म्हणाली, एक नर आहे, एक मादी.
म्हणाली, त्या खाडीतला तेव्हाचा नर
दुसऱ्या कुठल्याच कपाटात नाही.
म्हणाली, ते डबकं आम्हाला दाखवाल?

"डबकं कसलं?
पुढच्याच वर्षी भूकंपात किनारा खचला,
माझ्या छातीएवढा.
आता भर ओहोटीलाही तिथे पाणी असतं."
तिने बोट दाखवलं.
आम्ही पाहिलं. पाणीच होतं.
मग ती एकाएकी हसायला लागली,
लसणाची सालं मांडीवरून उडाली:
"म्हणजे लग्न लावलं की मी त्यांचं!
आणि सिस्टरला पत्ता नाही."

नियम असा आहे, की एका जिवाला एक कागद.
मी कात्री घेतली, दोन नवे नंबर काढले,
लेबलं छापली,
आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तशीच बसले.
ती रेघ एव्हाना मला भिंगाशिवाय दिसत होती.
कापलं असतं तर बरोबरच ठरलं असतं.

जुन्या लेबलाखाली पेन्सिलीने लिहिलं:
दोन जीव. संकलन, एदेल्मिरा नावेल्किन.
थोडी जागा उरली होती.
तिथे लिहिलं, मांडणीही तिचीच.
असा रकाना आमच्याकडे नाही.
वरिष्ठ विचारतील तेव्हा पाहू.

तिने दिलेली लसणाची वेणी आत नेता येत नाही,
किडे लागतात.
खिडकीबाहेर खिळ्याला टांगली आहे,
पावसात.